मेंदूतले पाठभेद

(म्हैसूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय मेंदूचा ठरला आहे आणि मी सुरुवात चिलटांपासून करणार आहे. देवराज मार्केटमध्ये रसबाळे केळ्यांचा घड जरा जास्त पिकला की त्याच्याभोवती बारीक, लाल डोळ्यांची चिलटं घिरट्या घालू लागतात ना, तीच. शास्त्रात त्यांना ड्रॉसोफिला म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकांत फळमाशी. या शहराचं आणि फळमाशीचं नातं जुनं आहे. एम. आर. राजशेखर शेट्टी यांनी म्हैसूर विद्यापीठात तिच्या आनुवंशिकीचा अभ्यास रुजवला. तेव्हापासून मानसगंगोत्रीत विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या बाटल्यांतून माश्या वाढवत आल्या आहेत. चामुंडी टेकडीवर पायथ्यापासून वरपर्यंत वेगवेगळ्या उंचीवर माश्या पकडून त्यांची मोजदाद झाली आहे. १९७० साली रेड्डी आणि कृष्णमूर्ती यांनी एक नवी जात नोंदवली, तिचं नाव ड्रॉसोफिला मायसोरेन्सिस. पुढे एच. ए. रंगनाथ आणि एन. बी. रामचंद्र यांनी नासुटा गटातल्या दोन वंशांचा संकर केला. एका वंशाच्या पेशीत आठ गुणसूत्रं, दुसऱ्याच्या सहा. त्या संकरातून प्रयोगशाळेतल्या बाटल्यांतच नवे वंश स्थिरावले. उत्क्रांती डोळ्यांदेखत पाहायची तर ती कुठे, याचं एक उत्तर ‘म्हैसुरात’ असं आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

पण ही झाली गुणसूत्रांची गोष्ट. मला आज त्याहून खूप आत, एका जनुकाच्या पोटात शिरायचं आहे.

त्याच फळमाशीच्या एका जनुकाचं नाव आहे डीएसकॅम. २००० साली लॉस एंजेलिसमधल्या लॅरी झिपुर्स्की यांच्या प्रयोगशाळेने त्याची मांडणी प्रसिद्ध केली. या जनुकात एकूण ११५ तुकडे आहेत, पण तयार होणाऱ्या प्रत्येक प्रथिनाच्या वाट्याला त्यांतले २४च येतात. वीस तुकडे कायमचे. उरलेले ९५ चार गटांत विभागलेले: पहिल्या गटात १२, दुसऱ्यात ४८, तिसऱ्यात ३३ आणि चौथ्यात २. प्रत्येक गटातून एकाच तुकड्याची निवड होते. आता गुणाकार करा. १२ गुणिले ४८ गुणिले ३३ गुणिले २. उत्तर येतं ३८,०१६. फळमाशीची सगळी जनुकं मोजली तरी ती चौदा हजारांच्या आसपास भरतात. म्हणजे तिच्या एकट्या डीएसकॅमकडे असलेले पर्याय तिच्या सगळ्या जनुकांच्या संख्येच्या अडीच पटींहून जास्त आहेत.

आमच्या पिढीने शाळेत पाठ केलं होतं की एक जनुक, एक प्रथिन. ते सूत्र सोपं होतं, परीक्षेत गुण मिळवून देणारं होतं, आणि जिवाणूंपुरतं बरंचसं खरंही होतं.

त्या सूत्राला पहिला तडा गेला १९७७ साली. अमेरिकेत दोन ठिकाणी, एमआयटीमध्ये फिलिप शार्प यांच्याकडे आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरला रिचर्ड रॉबर्ट्‌स यांच्याकडे, सर्दीसारखे आजार करणाऱ्या अ‍ॅडेनोव्हायरसवर काम चाललं होतं. विषाणूचा डीएनए आणि त्याचाच आरएनए एकमेकांना चिकटवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आरएनए ही डीएनएची नक्कल, तेव्हा दोन्ही धागे शेवटपर्यंत जुळायला हवे होते. प्रत्यक्षात डीएनएचे मोठमोठे वेढे मोकळे लोंबकळताना दिसले. त्या वेढ्यांतला मजकूर आरएनएत नव्हताच. जनुक सलग नसतं, त्यात मध्ये मध्ये असे पट्टे असतात की जे आधी उतरवून घेतले जातात आणि मग कापून टाकले जातात, हा त्याचा अर्थ. उरलेले तुकडे एकमेकांना जोडले जातात. या कापाजोडीला स्प्लायसिंग म्हणतात. ठेवल्या जाणाऱ्या तुकड्यांना एक्झॉन आणि टाकल्या जाणाऱ्यांना इन्ट्रॉन ही नावं पुढच्याच वर्षी वॉल्टर गिल्बर्ट यांनी दिली. शार्प आणि रॉबर्ट्‌स यांना १९९३ साली नोबेल मिळालं. ज्यांच्या हातांनी ते प्रयोग झाले त्या सुझन बर्जेट आणि लुईस चाऊ यांची नावं मात्र त्या यादीत नाहीत. नोबेलच्या यादीला तीनच जागा असतात हे खरं, पण त्या वर्षी तर दोनच भरल्या होत्या.

माणसाच्या जनुकात एक्झॉन साधारण दीडशे अक्षरांचा असतो आणि इन्ट्रॉन हजारो अक्षरांचे. या पसाऱ्यातून नेमक्या जागी कापणारं यंत्र पेशीच्या केंद्रकात असतं. त्याला स्प्लायसियोसोम म्हणतात. पाच छोटे आरएनए आणि शंभरावर प्रथिनं मिळून ते बनतं. त्याचा माग लागला तोही गमतीदार रीतीने. ल्युपस नावाच्या आजारात रुग्णाचं शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. येल विद्यापीठात जोन स्टाइट्‌झ आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी अशा रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं गळासारखी वापरली, आणि त्या गळाला या यंत्राचे भाग लागले.

या शहरात असताना एक तुलना टाळणं मला जड जातं. इथल्या ओरिएंटल लायब्ररीत १९०५ साली रुद्रपट्टण शामशास्त्री यांना कौटिल्याच्या अर्थशास्त्राची ताडपत्रावरची पोथी मिळाली आणि १९०९ साली त्यांनी ती छापली. तिकडे पुण्यात भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताच्या शेकडो पोथ्या पुढ्यात घेतल्या, पाठभेद नोंदवले, प्रक्षिप्त भाग बाजूला काढले. अनेक पोथ्यांतून एक पाठ सिद्ध करणं हे संपादकाचं काम. पेशी उलट्या दिशेने जाते. तिच्याकडे पोथी एकच असते आणि तिच्यातून ती अनेक पाठ तयार करते. त्यांतला अमुक एक मूळ आणि बाकीचे प्रक्षिप्त, असं तिला म्हणता येत नाही. यकृतातला पाठ यकृतासाठी बरोबर, मेंदूतला मेंदूसाठी. संपादकाच्या दृष्टीने जे संकट, तेच पेशीच्या दृष्टीने भांडवल.

मेंदूच्या बाबतीत याचं पहिलं ठसठशीत उदाहरण १९८२ साली पुढे आलं. आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक तयार होतं. त्याचा संबंध रक्तातल्या कॅल्शियमशी. मायकेल रोझेनफेल्ड, रोनाल्ड इव्हान्स आणि सुझन अमारा यांना आढळलं की तेच जनुक चेतापेशीत वेगळ्या तऱ्हेने जोडलं जातं. थायरॉइडमध्ये पहिले चार एक्झॉन घेतले जातात. चेतापेशीत पहिले तीन घेऊन चौथा गाळला जातो आणि पाचवा, सहावा जोडले जातात. त्यातून जे निघतं त्याचा कॅल्शियमशी काही संबंध नाही. ते रक्तवाहिन्या फुगवतं आणि वेदनेच्या मार्गांवर काम करतं. त्याचं नाव सीजीआरपी. हा रेणू आधी जनुकाच्या मांडणीवरून ओळखला गेला आणि प्रत्यक्ष मेंदूत नंतर सापडला. अर्धशिशीच्या झटक्यात हा रेणू वाढतो. २०१८पासून मिळू लागलेली अर्धशिशीची नवी इंजेक्शनं याच सीजीआरपीचा रस्ता अडवतात. सभागृहात अर्धशिशीचे रुग्ण थोडेथोडके नसणार. पुढच्या वेळी कपाळ ठणकू लागलं की एका गाळलेल्या चौथ्या एक्झॉनची आठवण ठेवा, बरं वाटणार नाही, पण राग कुणावर काढायचा ते तरी कळेल.

हा प्रकार अपवादात्मक असता तर त्यावर तासभर बोलण्याचं कारण नव्हतं. २००८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी हिशेब मांडला की माणसाच्या एकाहून जास्त एक्झॉन असलेल्या जनुकांपैकी सुमारे ९५ टक्के जनुकं एकापेक्षा जास्त प्रकारे जोडली जातात. आणि ज्या अवयवांत हे वैविध्य सर्वाधिक, त्यांत मेंदू अगदी वरच्या ओळीत.

मेंदूतच का? याचं एक कारण असं की चेतापेशीकडे स्वतःचे खास कारभारी असतात. आरएनएच्या विशिष्ट जागी बसून ‘हा तुकडा घे’ किंवा ‘हा सोड’ असं स्प्लायसियोसोमला सुचवणारी प्रथिनं. त्यांतलं नोव्हा हे प्रथिन सापडलं कर्करोगाच्या रुग्णांमुळे. काही स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होता, पण त्या डॉक्टरांकडे आल्या होत्या तोल जातो आणि डोळे आवरता येत नाहीत, सैरभैर फिरत राहतात म्हणून. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट डार्नेल यांनी उलगडा केला. एरवी चेतापेशीतच असणारं नोव्हा त्या गाठीत तयार होऊ लागलं होतं. शरीराने गाठीवर हल्ला चढवला आणि त्या हल्ल्यात मेंदूही सापडला.

दुसरं एक प्रथिन आज आपल्याला पुन्हा भेटणार आहे, म्हणून नाव लक्षात ठेवा: एसआरआरएम४. टोरांटोमधल्या बेंजामिन ब्लेनकोव यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं की चेतापेशीत अतिशय छोटे एक्झॉन जोडले जातात, ३ ते २७ अक्षरांचे. तीन अक्षरं म्हणजे प्रथिनात एक अमिनो आम्ल. अमिनो आम्लांच्या हजाराच्या साखळीत एक किंवा चार मणी जास्त. त्याने काय व्हायचंय, असं वाटेल. पण ते मणी नेमके तिथे बसतात जिथे एक प्रथिन दुसऱ्याला धरतं. हे सूक्ष्म एक्झॉन आत घेण्याचं काम मुख्यतः एसआरआरएम४ करतं. स्वमग्नता असलेल्या काही व्यक्तींच्या मेंदूत हे प्रथिन कमी आढळलं आणि सूक्ष्म एक्झॉनही मोठ्या प्रमाणात गाळलेले दिसले. यावरून ‘स्वमग्नतेचं कारण सापडलं’ अशा बातम्या तेव्हा झळकल्या. स्वमग्नतेला एक कारण नाही, शेकडो वाटांनी ती येते. त्यांतल्या काही वाटा या चौकीवरून जातात, इतकंच त्या अभ्यासावरून म्हणता येतं.

आता डीएसकॅमकडे परत येऊ, कारण अडतीस हजार रूपांचं हा चिमुकला मेंदू करतो काय, हे अजून सांगायचं राहिलंय. फळमाशीच्या मेंदूत सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी असतात. २०२४मध्ये त्यांचा आणि त्यांच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. प्रत्येक चेतापेशीला फांद्या फुटतात. या फांद्या पसरताना एक अडचण येते. समोर आलेली फांदी आपलीच आहे की दुसऱ्या पेशीची? आपलीच असेल तर तिच्यापासून लांब व्हायला हवं, नाहीतर सगळ्या फांद्या एकाच जागी गुंतून बसतील. दुसरीची असेल तर तिच्यावरून जायला, तिच्याशी संबंध जोडायला हरकत नाही. प्रत्येक पेशी डीएसकॅमच्या हजारो रूपांपैकी दहा ते पन्नास रूपं जवळजवळ यदृच्छेने निवडते आणि सर्वांगावर मिरवते. दोन पेशींची निवड तंतोतंत जुळणं जवळपास अशक्य. एक रूप फक्त आपल्यासारख्याच रूपाला चिकटतं. म्हणून दोन फांद्या भेटल्या आणि त्यांच्यावरची रूपं घट्ट जुळली, तर त्या एकाच पेशीच्या असणार. मग त्या चिकटून राहत नाहीत, झटक्याने दूर होतात.

हे खरं आहे हे कसं कळलं? संशोधकांनी अशा माश्या तयार केल्या की ज्यांच्याकडे डीएसकॅमचं एकच रूप शिल्लक होतं. प्रत्येक पेशीवर तोच एक शिक्का. परिणाम काय, तर पेशींना परकं कुणी दिसेचना. जिला तिला दुसरीची फांदी आपलीच वाटू लागली, आणि जिथे एकत्र यायचं तिथेही त्या एकमेकींपासून पळू लागल्या. मग हळूहळू रूपांची संख्या वाढवत नेली. मेंदूची घडी नीट बसायला हजारो रूपं लागतात, असं २००९ साली सिद्ध झालं. स्वतःला ओळखणं ही मोठी तात्त्विक बाब आहे असं आपण मानतो. चिलटाच्या मेंदूत तो ९५ तुकड्यांतून निवड करण्याचा प्रश्न आहे.

हे ऐकल्यावर माणसाच्या मेंदूत लाखो रूपं असतील अशी कल्पना धावू लागते. तिला इथे लगाम घालतो. माणसातही डीएसकॅम आहे, २१व्या गुणसूत्रावर, पण त्याची अशी हजारो रूपं होत नाहीत. आपल्याकडे तेच काम प्रोटोकॅडहेरिन नावाची पन्नासावर जनुकं मिळून करतात. प्रश्न तोच, निसर्गाने उत्तर दुसऱ्या वाटेने काढलं.

आणि दुसरा लगाम त्याहून महत्त्वाचा. आरएनएत जितके पाठ दिसतात तितकी प्रथिनं पेशीत खरोखर सापडतात का? मायकेल ट्रेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी २०१७ साली आक्षेप घेतला की प्रथिनं थेट मोजली, तर बहुतेक जनुकांचं एकच मुख्य रूप ठळकपणे दिसतं आणि बाकीचे पाठ हा बराचसा कचरा असावा. ब्लेनकोव यांनी त्याला उत्तर दिलं, आणि वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. स्प्लायसियोसोम चुका करतो, आणि त्या चुकांना अर्थ चिकटवण्याचा मोह संशोधकांना होतो. पण ज्या निवडी कोंबडीपासून माणसापर्यंत कोट्यवधी वर्षं टिकल्या आहेत, त्यांना कचरा म्हणता येत नाही. सूक्ष्म एक्झॉन त्यांत मोडतात.

फळमाशीच्या नराचं प्रणयाराधनही असंच एका जनुकाच्या जोडणीवर अवलंबून आहे. त्या जनुकाचं नाव फ्रूटलेस. त्यातला दोष असलेला नर १९६३ साली कुलबीर गिल यांनी प्रथम वेगळा काढला होता. नरात हे जनुक एका तऱ्हेने जोडलं जातं, मादीत दुसऱ्या. २००५ साली व्हिएन्नात मादीमध्ये नराची जोडणी बळेच घडवून आणली, आणि ती मादी नरासारखी पंख कंपवून दुसऱ्या माद्यांमागे फिरू लागली. यावर बोलत बसलो तर दुसरं व्याख्यान होईल. मला वेळ कानासाठी राखून ठेवायचा आहे.

कानासाठी, कारण आपण म्हैसुरात आहोत. मानसगंगोत्रीत ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आहे, ज्याला इथे सगळे नुसतं आयिश म्हणतात. साठीच्या दशकात सुरू झालेल्या या संस्थेत देशभरातून आईबाप मुलांना घेऊन येतात. बेळगाव, कोल्हापूरकडची मराठी बोलणारी कुटुंबंही त्यांत असतात. मूल हाकेला वळत नाही हे पहिल्यांदा आजीच्या लक्षात येतं आणि मग प्रवास सुरू होतो. जन्मजात बहिरेपणामागे बऱ्याचदा जनुकीय दोष असतो. भारतात त्यांत कनेक्सिन २६ या जनुकाचं नाव वारंवार येतं, आणि त्यातला आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा दोष सरळ आहे: प्रथिनाची साखळी चोविसाव्या जागी मध्येच संपते. असे दोष दोन्ही आईबापांकडून आले तरच मूल बहिरं होतं. म्हणून मामा-भाचीची लग्नं जिथे होतात तिथे धोका वाढतो. डॉक्टरला हे कुटुंबाला समजावून सांगता येतं.

पण काही बहिरेपण जोडणीतलं असतं, आणि ते समजावणं फार कठीण.

आधी निरोगी कान. कानाच्या आत शंखासारखं वळलेलं कॉक्लिया असतं. त्यात केसपेशी असतात. प्रत्येक कानात मेंदूकडे आवाज पोचवणाऱ्या आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार, आणि आवाजाची धार वाढवणाऱ्या बाहेरच्या रांगांत बारा हजारांच्या आसपास. एवढ्यावरच आयुष्यभराचं ऐकणं. कोंबडीच्या केसपेशी मेल्या तर नव्या येतात, आपल्या येत नाहीत. कोंबडीचा उल्लेख उगाच करत नाही. १९९७ साली दोन गटांनी कोंबडीच्या कानात पाहिलं की केसपेशींतली पोटॅशियमची एक वाहिनी कानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेगवेगळ्या रूपांत आढळते. कासव आणि पक्ष्यांच्या केसपेशी स्वतःच्या विजेच्या लहरींनी विशिष्ट स्वराला जुळतात, आणि त्या जुळण्यात या रूपांचा हात असावा असं तेव्हा मांडलं गेलं. माणसाचा कान स्वर वेगळे करतो ते मुख्यतः कॉक्लियातल्या पडद्याच्या कंपनांनी, त्यामुळे हा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू नाही.

आपल्याला लागू आहे ती उंदराची गोष्ट. ब्रॉंक्स वॉल्ट्झर हा उंदरांचा एक वंश १९७९ साली नोंदवला गेला. हे उंदीर बहिरे असतात आणि स्वतःभोवती गोल गोल फिरत राहतात, कारण ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या केसपेशी मरतात. दोष कोणत्या जनुकात आहे हे कळायला २०१२ उजाडलं. आयोवा विद्यापीठात बोटोंड बान्फी यांच्या गटाने ते शोधलं. जनुक होतं एसआरआरएम४. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं तेच, मेंदूत सूक्ष्म एक्झॉन आत घेणारं.

मग प्रश्न आला की केसपेशीत हा कारभारी नेमका कोणता पाठ घडवतो. उत्तर २०१८ साली आलं. आपल्या शरीरात रेस्ट नावाचं एक प्रथिन आहे. चेतापेशीची खास जनुकं इतर पेशींत उघडू नयेत म्हणून ते त्यांना दाबून ठेवतं. यकृताच्या पेशीने चेतापेशीसारखं वागू नये हे योग्यच. पण केसपेशीची अडचण अशी की ती चेतापेशी नसूनही तिला चेतापेशीची कितीतरी जनुकं लागतात, कारण तिला मेंदूशी बोलायचं असतं. म्हणून केसपेशी रेस्टच्या आरएनएत एक चौथा एक्झॉन घुसवते. तो घुसला की रेस्टचं प्रथिन अर्धवट राहतं आणि त्याची पकड सुटते. हे घुसवणं एसआरआरएम४च्या मदतीने होतं. ते झालं नाही तर रेस्ट शाबूत राहतं, केसपेशीची गरजेची जनुकं दाबली जातात, आणि पेशी मरते.

अमेरिकेतल्या एका कुटुंबात बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं, वयाबरोबर वाढत जाणारं. त्या कुटुंबात दोष निघाला रेस्टच्या चौथ्या एक्झॉनजवळच्या एका अक्षराचा. कोणत्याही प्रथिनाचं स्पेलिंग त्या अक्षराने बदललेलं नव्हतं. बदलली होती ती फक्त निवड. सर्रास होणाऱ्या जनुकीय चाचण्या मुख्यतः एक्झॉन वाचतात, इन्ट्रॉनच्या आत दडलेलं असं अक्षर त्यांच्या हातून सहज सुटतं. ‘चाचणीत काही निघालं नाही’ आणि ‘जनुकात काही दोष नाही’ ही दोन वाक्यं एक नव्हेत. तपासणीचा कागद हातात घेऊन बसलेल्या आईबापांना हे सांगायला कुणीतरी हवं. त्याच अभ्यासात, असा दोष असलेल्या उंदरांना रेस्टचं दाबणं सैल करणारं औषध दिलं तेव्हा केसपेशी वाचल्या आणि खालच्या स्वरांचं ऐकणंही काही अंशी वाचलं. उंदरांमध्ये. माणसासाठी अजून काही नाही.

माणसासाठी जिथे काही आहे, ती शेवटची गोष्ट.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. तीव्र प्रकारात बाळ कधी बसत नाही आणि उपचार नसेल तर बहुधा दोन वर्षांच्या आत श्वास थांबतो. दहा हजार जन्मांत साधारण एक. १९९५ साली पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने कारण शोधलं: एसएमएन१ हे जनुक नसणं. गंमत अशी की आपल्यापैकी बहुतेकांकडे त्याची जवळपास हुबेहूब दुसरी प्रत असते, एसएमएन२. मग ती का उपयोगी पडत नाही? तिच्या सातव्या एक्झॉनमध्ये एक अक्षर वेगळं आहे. सीच्या जागी टी. त्या अक्षराने अमिनो आम्लसुद्धा बदलत नाही. पण स्प्लायसियोसोमला सातवा एक्झॉन दिसेनासा होतो आणि दहांपैकी नऊ वेळा तो गाळला जातो. उरलेल्या एका वेळेपुरतं प्रथिन बनतं, ते पुरत नाही. या प्रथिनाचं एक काम काय, तर स्प्लायसियोसोमचे सुटे भाग जुळवणं.

तेव्हा औषधाला जनुक बदलायची गरज नव्हती. सातवा एक्झॉन पुन्हा दिसू लागला की झालं. रवींद्र सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली सातव्या इन्ट्रॉनमध्ये एक छोटी जागा दाखवली, जिथून हा एक्झॉन गाळण्याचा इशारा मिळतो. ती जागा झाकली की एक्झॉन परत येतो. कोल्ड स्प्रिंग हार्बरचे एड्रियन क्रेनर आणि आयोनिस कंपनी यांनी तिथेच चिकटणारा आरएनएसारखा छोटा धागा बनवला. त्याचं नाव न्युसिनर्सेन. पाठीच्या कण्यात सुई घालून तो देतात. बाळांवरची चाचणी २०१६ साली वेळेआधी थांबवावी लागली, कारण फायदा इतका उघड होता की दुसऱ्या गटातल्या बाळांना औषधाविना ठेवणं योग्य नव्हतं. डिसेंबर २०१६मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तेव्हा किंमत होती पहिल्या वर्षाला साडेसात लाख डॉलर.

२०२० साली रिस्डिप्लाम आलं. तेही सातवा एक्झॉन परत आणतं, पण तोंडाने घ्यायचं, रोज, घरी. २०२१पासून ते भारतात मिळू लागलं, रोश कंपनीचं, एका बाटलीला सहा लाख रुपयांहून जास्त. याच काळात मुंबई-पुण्याकडच्या कुटुंबांनी दुसऱ्या एका जनुकीय उपचारासाठी सोळा सोळा कोटी रुपयांची लोकवर्गणी गोळा केल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. हैदराबादच्या नॅटको कंपनीने रिस्डिप्लाम स्वतः बनवायचं ठरवलं, रोश पेटंटचा दावा घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मार्च २०२५मध्ये रोशला मनाई हुकूम मिळाला नाही, ऑक्टोबरात खंडपीठानेही तो नाकारला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. नॅटकोने बाटलीची किंमत जाहीर केली १५,९०० रुपये.

सहा लाखांवरून सोळा हजार. पण हिशेब पुरता करू. बाटलीत ६० मिलिग्रॅम औषध असतं. वजन वीस किलोंच्या पुढे गेलं की रुग्णाला रोज ५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे बाटली बारा दिवस पुरते, वर्षाला तीसेक बाटल्या, छापील किमतीने पावणेपाच लाखांच्या घरात. आणि हे आयुष्यभर. तान्ह्या बाळाला कमी लागतं, पण औषधाचा सर्वाधिक उपयोग होतो तोही तान्हेपणीच. मेलेली चेतापेशी कोणताही एक्झॉन परत आणून जिवंत होत नाही. लक्षणं दिसण्याआधी औषध सुरू झालेली मुलं वेळेवर बसली, कित्येक चाललीही. लक्षणांनंतर सुरू झालेली बहुतेक तशी चालली नाहीत. एसएमएन१ आहे की नाही हे रक्ताच्या काही थेंबांवरून कळतं, पण आपल्याकडे नवजात बाळांच्या नेहमीच्या तपासण्यांत ही चाचणी नाही. जगभरच्या अंदाजाने दर चाळीस-पन्नास माणसांत एक जण या दोषाचा वाहक असतो, आणि त्याला स्वतःला काहीच होत नाही. या सभागृहात दोनेकशे माणसं आहेत, तर चार-पाच जण असू शकतील. घरात लग्न ठरत असेल, पाळणा हलणार असेल, तर वाहक आहोत का हे पाहण्याची चाचणी करून घेता येते, आणि ती आधी जोडप्यातल्या एकाने केली तरी पुरते. तो वाहक निघाला तरच दुसऱ्याने करायची.

प्रश्न असतील तर घेतो.